बसम्मानं बांगड्या भरल्या न्हाईत

बसम्माला मी भर ओटीभरणात घरातून हाकलून दिलं, हे आधीच सांगून टाकते. मागून कुणी तोंडावर फेकण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं. माझं तोंड फाटकं हाय, सगळ्या राजेश्वर गावाला ठाऊक हाय. आमचे मालक श्रीपतराव म्हणतात, राजूबाई आधी बोलती आन मग इचार करती. खोटं न्हाई त्यात काही.

बसम्मा म्हणजे आमच्या गावची बांगड्यावाली. लिंगायताची बाई. घरात कानडी बोलती, आमच्याशी मराठी आन मुसलमानाच्या बायकांशी त्यांची हिंदी. वीस वरसं झाली, आमच्या घरच्या बायकांना तीच बांगड्या भरती. हात हातात घेतला, अंगठ्याखालचं हाड जरा दाबलं की माप सांगती. कुठं लिहून ठेवायचं काम न्हाई, गावातल्या पोरीपोरीचं माप तिच्या डोक्यात. भाव कमी करत न्हाई आन उगं गोडबी बोलत न्हाई. त्याच्यामुळं आमचं दोघींचं अधूनमधून वाजायचंच.

माझा व्यंकट, त्याची बायको पल्लवी. लग्नाचा चुडा बसम्मानंच भरलता, सव्वादोनच्या मापाचा. असा बारीक हात पोरीचा. दिवस गेले आन सहाव्या-सातव्यात पोरगी भराभर भरली. तोंड गोल झालं, पाय गोल झाले, जोडवी रुतायली. बाया म्हणायच्या, सून काय अंगानं भरलीय, राजूबाई, चांगलं खाऊ घालायलाव. मला बाई अभिमान वाटायचा. तिचं डोकं दुखायलं तर मी मीठ-मोहऱ्यानं दृष्ट काढली. सरकारी दवाखान्याच्या आशाताई पाचव्या महिन्यातच सांगून गेलती की बीपी जास्त हाय, दर आठवड्याला तपासा, गोळी चुकवू नका. ती गोळी मीच बंद केली. गोळ्यांनी गरमी होती, लेकराला बाधती म्हणलं. हे सगळं मी केलं, दुसऱ्या कुणी न्हाई.

सातवा सरत आला तवा ओटी भरायची ठरली. पंचवीस-तीस बाया जमल्या होत्या. पल्लवी हिरवी साडी नेसून पाटावर बसली. बसम्मानं तिचा हात धरला आन अडीचची बांगडी चढवायला गेली, ती पंज्यावरच अडली. पावणेतीनची काढली, तीबी अडली. कुणीतरी हसून म्हणलं, साबण लावा की. बसम्मा हसली न्हाई. तिनं पल्लवीच्या मनगटाच्या वर अंगठा दाबला आन उचलला. तिथं खड्डा पडला, आन तो भरूनच येईना. मग साडी जरा वर सारून नडगीवर दाबलं, तिथंबी तसंच. तिनं हळू आवाजात इचारलं, डोळ्यापुढं काजवे येतात का. पोरीनं आधी माझ्याकडं बघितलं, मग म्हणली, दोन दिवस झाले, नीट दिसंना. माझ्या घरात राहून मला ठाऊक न्हाई. भिऊन सांगितलं नव्हतं मला.

बसम्मानं बांगड्या परत टोपलीत ठेवल्या. म्हणली, "राजूअक्का, हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. मी आज बांगड्या भरणार न्हाई."

आमच्यात ओटीच्या पाटावरून पोरगी बांगड्या न भरता उठली तर केवढा अपशकुन. माझं डोकंच फिरलं. कामून भरणार न्हाईस, तुझं काय वाईट केलंय आम्ही, मी वाट्टंल ते बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं आन सगळ्या बायकांसमोर शांतपणानं बोलली, "आज भरल्या तर चार दिसांनी मयताला भरायला मलाच बोलवाल."

सवाष्ण बाई गेली की तिला हिरवा चुडा भरूनच नेतात. बसलेल्या सगळ्या चपापल्या. मी तिची टोपली उचलून अंगणात आदळली, दोनेक डझन तिथंच फुटल्या. ती काचा वेचून निघून गेली. मी दुसऱ्या बांगड्यावाल्याला बोलावून आणलं, साबण लावून पावणेतीनचा चुडा बसवलाच. पोरगी कळवळायली होती आन मी म्हणायले, सोस जरा. वर फोटो काढले.

पण ते मयताचं बोलणं माझ्या पोटात जाऊन बसलं. पंगत वाढता वाढता सारखं लक्ष पल्लवीकडं जायचं. ती जेवली न्हाई, बरगडीखाली दुखायलंय म्हणली, उलटी केली. मग माझा पदर चाचपत धरला आन म्हणली, "आत्याबाई, एवढा अंधार कामून झालाय?" दुपारचे दोन वाजले होते. दारातून ऊन आत आलं होतं.

व्यंकटनं जीप आणली. बसवकल्याणच्या दवाखान्यात तिचं बीपी मोजलं, वरचं एकशेनव्वद. नर्सबाई सलाईनची तयारी करायली तवर पल्लवीचे डोळे वर गेले, दातखीळ बसली आन सगळं अंग झटके द्यायलं. मी असलं कधी बघितलं नव्हतं. झटके थांबले, कमरेत दोन्ही बाजूला सुया दिल्या, पण सलाईनला शीर सापडंना. चुडा मनगटात रुतून बसला होता, निघता निघंना. नर्स म्हणली, फोडा. कुणी हात लावंना, सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. जिवंत सवाष्णीच्या बांगड्या सासूनं फोडायच्या. मी कैची उलटी धरली आन एकेक फोडली. माझी बोटं कापली, तिचं मनगटबी थोडं कापलं. देवा, एवढी पोरगी ठेव, एवढंच तोंडात होतं.

बिदरला नेलं. वाटंत एक हात तिच्या छातीवर ठेवून बसले होते, श्वास चालू हाय का न्हाई बघायला. डॉक्टर म्हणले, लेकरू आत्ताच काढावं लागंल, दोघांचंबी काही सांगता येत न्हाई. व्यंकटनं कागद न वाचताच सही केली. नात झाली, एक किलो तीनशे ग्रॅमची, काचेच्या पेटीत ठेवली. पल्लवी दोन दिवस कुणाला ओळखंना. त्या दोन दिवसांत कुणी नुसतं दार उघडलं तरी मला वाटायचं, आलं आता सांगायला. तिसऱ्या दिवशी तिनं डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं आन इचारलं, आत्याबाई, जेवलाव का. मी तिथंच भडभडून रडले.

महिन्यानं दोघींना घरी आणलं आन मी बसम्माकडं गेले. शिव्या खायची तयारी करूनच गेले होते. चुकलं माझं म्हणलं. तिनं आधी नातीचं वजन इचारलं. मग मी म्हणलं, तुला एवढं कळलं कसं गं? डॉक्टरीण तर न्हाईस तू.

बसम्माची एकुलती लेक पवित्रा दुबलगुंडीला दिली होती, बाळंतपणात गेली, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. तिच्याच ओटीचं बसम्मानं सांगितलं. सासरच्यांनी हौसेनं आईलाच बांगड्या भरायला बसवलं होतं. हात असाच फुगलेला, दाबलं की खड्डा, डोळ्यापुढं काजवे, माप असंच वाढलेलं. साबण लावून भरल्या, सगळ्यांनी कौतुक केलं. ओटीनंतर नवव्या दिवशी दुसरा चुडाबी, मयताचा, आईच्याच हातानं भरला.

"पवित्राचा हात धरल्या धरल्या मला कळलं होतं, ही सूज बरी न्हाई, राजूअक्का," ती म्हणली. "सासरच्या बाया खूश होत्या. त्यांना राग येईल म्हणून मी गप बसले."