हजार किलोमीटर दमानं

वेग हा आमच्या निपाणीच्या शेजारच्या आप्पांचा धर्म आहे. टर्बोवाल्या स्पोर्ट्स कारचं इंजिन ते स्वतः खोलतात, मोठा टर्बो आणि नवे पिस्टन घालून पुन्हा बांधतात, आणि वाढलेली ताकद गल्लीभर सांगतात. असं इंजिन पहिले हजार किलोमीटर सावकाश चालवावं लागतं, नाहीतर ते बिघडतं. ते पुरे होण्याआधीच त्यांना आणखी मोठा टर्बो सापडतो.

भाचीच्या लग्नाला कोल्हापूरला जाताना त्यांनी मला त्याच गाडीतून सोबत घेतलं. मंगलाष्टकांना नवरीमागे मामा म्हणून त्यांनाच उभं राहायचं होतं. वाटेत उसाचा ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकून गेला. बहिणीचे फोनवर फोन येत होते.

“आप्पा, जरा दाबा की. मुहूर्त चुकंल,” मी म्हटलं.

“दाबून कसं चालंल? मुहूर्त दुसरा निघतोय, इंजिन न्हाय.”

अक्षता पडल्या तेव्हा आम्ही अर्ध्या वाटेवर, कागलला होतो.