उतरून बघणारा साडू

माझ्या धाकट्या साडूला, म्हणजे मेहुणीच्या नवऱ्याला, सगळे ड्रायव्हर 'उतऱ्या' म्हणतात. आम्ही दोघं एकाच कंपनीचे ट्रक चालवतो, हे माझं नशीब. गाडी मागे घ्यायची म्हटलं की हा आधी खाली उतरणार. गाडीभोवती फेरी मारणार, वर बघणार, खाली बघणार, जागा पावलांनी मोजणार. अर्धी गाडी आत गेली की पुन्हा उतरणार. मागे चार जण हॉर्न बडवत असले तरी पठ्ठ्या ढिम्म. मी बावीस वर्षं एका दमात गाडी लावतोय. दोन आरसे आणि माझी मान, बास.

आणि कौतुक कुणाचं? त्याचं. सासूबाई फोन करणार मला आणि गुणगान गाणार त्याचं. "धाकटे जावई किती शांत." म्हणजे मी कोण, आग्यावेताळ? परवा तर बायकोच मला वाढता वाढता म्हणाली, "धाकटीनं नशीब काढलं हो." जळतो मी त्याच्यावर, लपवू कशाला?

त्यात मॅनेजरनं नवीनच काढलं. नव्या ड्रायव्हरांना गाडी मागे घ्यायला शिकवायला यार्डात एक माणूस हवा होता. रस्त्यावर जाणं बंद, रोज संध्याकाळी घरी. माझी कंबर पार कामातून गेलीय, ती जागा मला हवीच होती. "तुम्ही दोघंच आहात," मॅनेजर म्हणाला. "दोघांच्याही गाडीला आजवर ओरखडा नाही. महिनाअखेरपर्यंत बघतो आणि ठरवतो." तो काय ठरवणार, हे मला चांगलंच ठाऊक होतं.

महिन्याचे तीन दिवस उरले होते. भर दुपारी ट्रक तळावर आमची गाठ पडली. माझी गाडी लावून झाली होती. रिकामी जागा एकच, खाणावळीच्या मागे. तिथे शिरताना डावी बाजू आंधळी होते, डाव्या आरशात आपल्याच गाडीची भिंत तेवढी दिसते. मी मागे जाऊन उभा राहिलो. उजव्या आरशात त्याला माझा हात दिसत होता.

तो उतरला नाही. खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "साडूभाऊ, तुम्ही आहात ना मागे? मग मला उतरायचं काय कारण?"

खाणावळीच्या छपराचा लोखंडी कोपरा डावीकडे बाहेर आला होता, बरोबर गाडीच्या उंचीवर. मला तो दिसला. अगदी स्वच्छ दिसला. मी हात हलवत राहिलो. "येऊ दे. येऊ दे." पत्रा फाटल्याचा आवाज आला तेव्हा कुठे मी हात वर केला.

गाडीची बाजू हातभर उसवली होती. "मला दिसलंच नाही रे," मी म्हणालो. मॅनेजरला मात्र त्यानंच सांगितलं, "त्यांचा काही दोष नाही. उतरून बघणं माझं काम होतं, मी बघितलं नाही." यार्डातली जागा मला मिळाली. सासूबाईंचा फोन आला. "धाकट्या जावयांनी सगळं स्वतःवर घेतलं बघा." घ्या, म्हणजे ह्याचंही कौतुक त्यालाच.

गाडी ठोकणाऱ्याला आठवडाभर पुन्हा शिकायला पाठवतात, असा कंपनीचा नियम. सोमवारी नव्या पोरांच्या रांगेत उतऱ्या उभा. त्याची पाळी आली. तो चढला, मी मागे गेलो. एकदाही न उतरता त्यानं गाडी मागे घ्यायला सुरुवात केली.

मी पळत पुढे गेलो आणि दरवाजावर थाप मारली. "उतर. आधी उतरून बघ."

"तुम्ही होतात ना मागे," तो म्हणाला. "एकदा झालं ते झालं. तुमच्यावर नाही तर कुणावर भरवसा ठेवायचा?"

पोरं ऐकत होती. खरं काय ते तोंडापर्यंत आलं होतं, पण मी ते गिळलं. आणि खोटं कशाला बोलू, त्या क्षणीही मी त्याच्यावर जळतच होतो. बावीस वर्षांत कुणाच्या भरवशावर गाडी अशी मागे सोडणं मला एकदाही जमलेलं नाही.