ऑफिसातला जार आणि भिंतीबाहेरचा नळ

हे मी बरेच दिवस कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. ज्या दिवशी मला माझ्या आजाराचं नाव कळलं, त्याच दिवशी मी डॉक्टरांशी खोटं बोललो.

बोन मॅरोचा रिपोर्ट समोर ठेवून डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "अप्लास्टिक अ‍ॅनिमिया." म्हणजे हाडांच्या आतला रक्त तयार करणारा मगज काम सोडू लागतो. लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स, सगळंच कमी पडतं. महिनाभर मला जिना चढताना धाप लागत होती, दात घासताना रक्त येत होतं, मांड्यांवर निळे डाग उठले होते. वय झालं, असं म्हणून मी दिवस ढकलले. तुम्ही ढकलू नका.

"काम काय करता?" मॅडमनी विचारलं.

"ऑफिसात असतो."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. "पेट्रोलपंपावर मॅनेजर आहेत. चाकण रोडला, बावीस वर्षं."

पेट्रोलमध्ये बेंझिन असतं आणि ते वर्षानुवर्षं श्वासात गेलं तर मगजावर परिणाम होऊ शकतो, असं मॅडमनी समजावलं. "तुमचं कारण तेच, असं मी म्हणणार नाही. बऱ्याचदा कारण सापडतच नाही. आणखी कुठून संबंध आलाय? पाण्यातून वगैरे?"

"नाही," मी म्हणालो.

ते खोटं होतं.

पंपावर रोज सकाळी जमिनीखालच्या टाकीत मापाची काठी सोडून साठा बघतात. विक्री वजा जाता जेवढं असायला हवं, त्यापेक्षा मागच्या वर्षी रोज थोडं कमी भरू लागलं. मी नोंदवहीत लिहीत गेलो, 'उन्हानं उडालं'. थंडीतही तेच लिहिलं. गळती शोधायला टाकीची तपासणी लावायची तर पंप बंद ठेवावा लागला असता आणि ते पंपाच्या मालकांना, शेठना, सांगायची माझी छाती नव्हती.

पंपाच्या भिंतीबाहेर एक नळ आहे. आमच्या बोअरचं पाणी मागच्या खोल्यांमधल्या कामगार कुटुंबांना मिळावं, म्हणून तो मीच बसवून घेतला होता. होळीच्या सुमारास त्या पाण्याला वास यायला लागला. बायका म्हणायच्या, "पंपाचंच पानी, वास येनारच की." मी हसायचो. आणि आठवड्याभरात मी ऑफिसात विकतच्या पाण्याचा जार सुरू केला. नळ तसाच ठेवला.

अ‍ॅडमिट झालो तेव्हा रक्त सारखं लागायचं. रक्तपेढीनं दाते मागितले. खोल्यांमधले सहा जण शिफ्ट सोडून आले. त्यांतले दत्ताभाऊ परत पाठवले गेले, हिमोग्लोबिन कमी म्हणून. दारातूनच हसत म्हणाले, "साहेब, रक्त नको म्हनले, पन बिस्किटाचा पुडा दिला बगा." त्यांची बायको सरूताई कंपनीतल्या पोरांना डबे देते. ती माझ्या बायकोसाठी रोज डबा आणायची.

"बाहेरचं नको खाऊस," मी बायकोला म्हणालो.

"सरूताईंच्या हातचं बाहेरचं कसं हो?" असं म्हणून ती जेवायला बसली.

मी बघत राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम राउंडला आल्या, तेव्हा सगळं सांगितलं. बायकोसमोर. ती उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली.

मॅडम म्हणाल्या, "हिमोग्लोबिन कमी असायला शंभर कारणं असतात. घाबरवू नका, तपासून घ्या. पण आधी ते पाणी बंद करा. आत्ता." मी पंपावर फोन लावून नळ बंद करायला सांगितलं.

दुपारी सरूताई डबा घेऊन तणतणत आली. "आवो साहेब, तुमी हितं पडलाय अन् तिकडं कुनी नळ बंद केला?"

"मीच केला." आणि मग सांगितलं.

"म्या उकळून घेत हुते की."

उकळल्यानं जंतू मरतात. बेंझिन मात्र वाफेबरोबर खोलीतल्या हवेत येतं, हे मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं. तिनं विचारलं, "ऑफिसात जार कवापासनं हाय?"

"होळीपासून."

तिनं बायकोपुढचा न उघडलेला डबा उचलला. "वहिनी, ह्ये नका खाऊ. कालच्या पान्याचं हाय." आणि डबा घेऊन गेली.

पुढे तपासणी झाली. जमिनीत भोकं पाडून माती काढली, बोअरच्या पाण्याचे नमुने नेले. पेट्रोलच्या पाइपचा सांधा गळत होता, पाण्यात बेंझिन निघालं. तपासणीला आलेल्या अधिकारी बाईंनी मला नीट समजावलं. पेट्रोल जमिनीत आहे, एवढ्यावरून धोका ठरत नाही. ते माणसापर्यंत कोणत्या वाटेनं पोचतं, किती पोचतं आणि किती काळ, हे बघतात. पिण्यातून, गरम पाण्याच्या अंघोळीच्या वाफेतून, फरशीच्या भेगांतून घरात येणाऱ्या वासातून. म्हणून त्या प्रत्येक खोलीत जाऊन विचारत होत्या: पाणी कुठलं, किती वर्षं, घरात लहान कोण, गरोदर कोण. तुमच्या बोअरला असा वास आला, तर त्याची सवय करून घेऊ नका. वापर थांबवा आणि पाणी तपासायला द्या.

मला सायक्लोस्पोरिन चालू आहे. मगजावर उलटलेल्या शरीराच्या प्रतिकारशक्तीला ते आवर घालतं. चार महिन्यांनी माझ्या पेशी हळूहळू वर येताहेत. शेवटचं रक्त चढवून आता पाच आठवडे झाले. माझ्या अंगात त्या खोल्यांमधल्या पाच जणांचं रक्त फिरलं, हे मी विसरत नाही. आता मी पंपावर नाही. खोल्यांना टँकर येतो. दत्ताभाऊंसकट सगळ्यांच्या तपासण्या झाल्या. त्यांचं हिमोग्लोबिन चढलंय, सहा महिन्यांनी पुन्हा बघायचंय. सरूताई समोर आली तर मान हलवते, बोलत नाही.

तपासणीच्या बाईंच्या यादीत एक खोली रिकामी आहे. परभणीकडचं जोडपं होतं. तिला सातवा महिना होता, बाळंतपणाला गावी गेली, तोही काम सोडून गेला. त्यांचा फोन लागत नाही. ती रोज दोन हंडे भरायची आणि मला "येते हं काका" म्हणायची.

तिला शोधून हे सांगणं आणि तिची व बाळाची तपासणी करून घेणं, एवढं माझ्याकडून अजून व्हायचं आहे.