हिल्डा उठली नाही

आमच्या स्टॅफर्डशरमध्ये कुणाकडे चहाला गेलं, की बशी उलटी करून बुडाचा शिक्का पाहायला हात शिवशिवतो. गावच चिनी मातीच्या भट्ट्यांचं, त्याला काय करणार. हिल्डा गोल्डस्ट्रॉ मात्र लग्नानंतर कधी पाहत नसे. सासरच्यांनी बाहेरच्या लोकांत ती पाद्र्याची मुलगी असल्याचं सांगून ठेवलं होतं, आणि पाद्र्यांच्या मुली बशा उलट्या करत नाहीत.

खरं तर ती गोल्डस्ट्रॉंच्याच कारखान्यात बशांवर फुलं रंगवायची. थोरल्या आर्थरनं तिच्याशी लग्न केलं. तो वारल्यावर कारखान्यातला त्याचा चौथा हिस्सा तिच्याकडे आला. बाकीचे तीन त्याच्या भावंडांचे: जेराल्ड, लायोनेल आणि अविवाहित बिआट्रिस. दोघा भावांचं कधी पटलं नाही. जेराल्डनं हिरवी गाडी घेतली म्हणून लायोनेलनं आपली हिरवी गाडी विकून टाकली होती.

सासऱ्यांनी एक नियम घालून दिला होता. नाताळच्या दुसऱ्या दिवशी, दुपारच्या जेवणानंतर पोर्ट या गोड दारूची बाटली टेबलाभोवती फिरत असताना धंद्याचे निर्णय घ्यायचे. जो टेबलाशी बसला असेल त्यानं आपलं मत द्यायचं. नसेल त्याच्या वतीनं जेराल्डनं. आणि पोर्ट येण्याआधी बायकांनी उठून दिवाणखान्यात जायचं, ही तर बड्या घरांची रीतच. मग दर वर्षी जेराल्ड दिवाणखान्यात येऊन सांगायचा, की तुमची मतं देऊन टाकली, आणि हिल्डा त्याचे आभार मानायची.

त्या वर्षी लंडनच्या एका कंपनीला कारखाना विकायचं घाटत होतं. पेनरोज नावाचे त्यांचे साहेब जेवायला आले होते. हातानं फुलं काढायची रंगशाळा बंद होऊन पुढे बशांवर छापील फुलं चिकटणार होती. हिल्डाची धाकटी बहीण एल्सी अजून त्याच रंगशाळेत होती. लायोनेलला लंडनमध्ये खुर्ची कबूल झाली होती, त्यामुळे भाऊ जन्मात पहिल्यांदा एकमतानं बोलत होते.

पुडिंग संपलं. बिआट्रिस उठली, तसे पुरुषही उठले. हिल्डा बसून राहिली.

"हिल्डा, बिआट्रिस दारात थांबली आहे," जेराल्ड म्हणाला.

"मग तिलाही बसायला सांग ना. उभी का ठेवलीस?"

पुरुषांची मोठी पंचाईत झाली. एक बाई दारात उभी असताना त्यांना बसता येईना, आणि बसलेल्या बाईला ऊठ म्हणायला जीभ रेटेना. जेराल्ड हसून पेनरोजसाहेबांना सांगू लागला, की पाद्र्याच्या घरात वाढलेली आमची वहिनी धंद्याच्या गप्पांना कंटाळेल.

हिल्डानं नॅपकिननं पुढ्यातली बशी पुसली आणि सगळ्यांदेखत उलटी केली. शिक्क्याखाली एक इवलंसं निळं पान होतं.

"रंगवणारी प्रत्येकजण बुडाशी आपली खूण करते. हे पान माझं, पेनरोजसाहेब. मी यांच्या रंगशाळेत होते. माझी बहीण अजून आहे. माझं मत, कारखाना विकायचा नाही."

बिआट्रिस दारातून परत आली, खुर्चीत बसली आणि तिनंही आपली बशी पालथी केली.

"माझ्या बशीवर ठिपका आहे गं. हा कुणाचा?"

"एल्सीचा."

"मग मीही नाहीच म्हणते."

दोन विरुद्ध दोन. एवढ्यावरही विक्री अडली असती. पण लायोनेलनं जेराल्डचा लालबुंद चेहरा पाहिला, आणि त्याच्या बाजूनं हरणं काही त्याला झेपेना.

"मी तर पहिल्यापासून हेच म्हणत होतो," तो म्हणाला.

"तू?" जेराल्डनं विचारलं, आणि मग भाऊ नेहमीसारखे भांडू लागले. दरम्यान पोर्टची बाटली फिरत हिल्डापर्यंत आली. तिनं पेला भरून घेतला. खोकल्याच्या औषधासारखी लागते, असं तिचं मत पडलं. तरी तिनं पेला संपवला.

रंगशाळा चालू आहे. दर गुरुवारी हिल्डा आणि बिआट्रिस माझ्याकडे चहाला येतात, आणि मी चहा ओतण्याआधी दोघी माझ्या बशा उघडउघड उलट्या करून पाहतात.