हवाबंद खोलीचे चोवीस स्क्रू

ड्रिल हे बायकांचं काम नव्हे, असं मुदीरांनी मला ऐकवलं, तोवर माझ्यासमोर शेकड्यांनी मोडकी हाडं जोडून झाली होती. मुदीर म्हणजे आमच्या हॉस्पिटलचे मॅनेजर. सौदीच्या पूर्व किनाऱ्यावरच्या त्या छोट्या हॉस्पिटलात मी हाडांच्या ऑपरेशनची सिस्टर होते. वर्षानुवर्षं डॉक्टरांच्या हातात ड्रिल द्यायचं आणि परत घ्यायचं. खटका दाबायचा मान तेवढा त्यांचा.

इराकशी आखाती लढाई सुरू झाली, ऑपरेशनं बंद पडली, निम्मा स्टाफ मायदेशी गेला. मला आणि माझ्या श्रीवर्धनच्या जोडीदारणीला तान्ह्या बाळांच्या खोलीत टाकलं. काचेच्या पेट्यांत तीन बाळं होती. त्यातली दोन जुळी. सीमेवरचं खफजी गाव रिकामं झालं तेव्हा त्यांची आई पोटुशी इथे आली आणि दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली. मिसाइलमधून विषारी गॅस येईल या धास्तीने आम्हा मोठ्यांना गॅसचे मास्क मिळाले होते. एवढ्याशा तोंडाला बसेल असा मास्क कुठेच नव्हता. तळघरात न्यावं, तर तिथे ऑक्सिजनची लाइन नाही. म्हणजे तीच खोली हवाबंद करायची, नाहीतर त्यांना देवावर सोडून आपण पळायचं.

खिडकीला आतून प्लास्टिक आणि चिकटपट्टी आम्ही लावली. पण हादऱ्याने काच फुटली तर प्लास्टिकच्या चिंध्या झाल्या असत्या. बाहेरून प्लायवूड हवं होतं. खिळे ठोकायला जावं तर काच आधी फुटणार, म्हणून स्क्रूच. आणि मेंटेनन्सचा माणूस जेद्दाला गेलेला.

"येईल तो उद्या-परवा," मुदीर म्हणाले. "ड्रिल हे बायकांचं काम नव्हे. सिस्टर, तुम्ही औषधं बघा."

"मग तोवर थांबा म्हणून मिसाइलला निरोप पाठवता का?" मी विचारलं. ते तोंड फिरवून गेले. मी सरळ मेंटेनन्सचं कपाट उघडलं. कुणाला विचारलं नाही, आणि आजही मला त्याचं काही वाटत नाही.

बाहेर वारा होता. अंगावरचा काळा झगा, अबाया, उडायला लागला, तो पदरासारखा कमरेला घट्ट खोचला. बॅटरीचं ड्रिल, मुठीखाली जडशीळ. खटका दाबला तर ढिम्म हलेना. "बॅटरी मेली, ताई," जोडीदारीण म्हणाली. मेली कसली! खटक्याच्या वर एक बारकी दांडी होती. ती मधोमध असली की यंत्राला कुलूप. एका बाजूला ढकलली तर टोकाचं बिट फिरलं, पण लाकडात शिरेना, नुसता जळका वास. उलटं फिरत होतं मेलं! दुसऱ्या बाजूला ढकलली तेव्हा कुठे भुसा उडाला.

तेवढ्यात माझ्या हातावर गार पाणी. बघते तर ही बया सिरिंजने बिटवर सलाइनची धार सोडतेय! हाडात भोक पाडताना हाड तापू नये म्हणून सोडतात ना, तशी. "अगं, फळकूट आहे ते, पेशंट नव्हे!" प्लायवूडचा तो कोपरा पापडासारखा फुगला. दोघी भिंतीला टेकून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. मग वीतभर आत नवं भोक पाडलं.

स्क्रूची तऱ्हा वेगळी. भोकाचं बिट काढून पेचकसाचं लावलं. ड्रिलच्या माथ्यावरच्या बटणाला दोन आकडे होते. दोनवर वेग, एकवर जोर. पुढच्या कड्यावर एक ते पाच आकडे आणि शेवटी बिटचं चित्र. चित्रावर ठेवून स्क्रू पिळला तर तो खोल घुसला आणि प्लायवूड तडकलं. कडं एकवर आणलं तर स्क्रू अर्ध्यातच आणि नुसती कटकट. मोडलं म्हणून मी हबकलेच. मग कळलं, कड्यावर जेवढा जोर नेमलाय तेवढा झाला की ते कटकटतं. तीनवर ठेवलं. सुरुवातीला खटका अलगद दाबायचा, स्क्रूने लाकूड धरलं की पूर्ण, कटकट आली की सोडायचा. एवढंच! आणि याचा डॉक्टरमंडळी केवढा बाऊ करायची. गेटवरचा पहारेकरी तोंडात बोट घालून बघत होता. बघू दे म्हटलं. दुपारपर्यंत चोवीस स्क्रू बसले.

त्याच संध्याकाळी भोंगा वाजला. हुकूम होता, मास्क घालून सगळ्यांनी तळघरात. आम्ही गेलो नाही. दाराच्या फटींत ओले टॉवेल कोंबले, वरून पट्ट्या चिकटवल्या आणि पेट्यांपाशी बसलो. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण त्याहून संताप जास्त होता. या तिघांचा विचार कुणीच कसा केला नाही?

लांब कुठेतरी दणका बसला. भिंत हादरली, पण खिडकी जागची हलली नाही. लगेच दारावर थापा पडल्या.

"सिस्टर, उघडा! मी मुदीर! तळघरात चला!" मास्कमधून आवाज घुसमटत होता.

"तुमच्याकडे मास्क आहे," मी ओरडले. "आत तिघांकडे नाही. दार उघडणार नाही!"

ते आणखी दोनदा ओरडले. धोका टळल्याचा भोंगा झाल्यावर मी पट्ट्या काढल्या. मुदीर बाहेर जमिनीवर बसले होते, मास्क मांडीवर.

"दार उघडलं नाहीत तुम्ही."

"नाही उघडलं. पुन्हा भोंगा वाजला तरी उघडणार नाही. काढून टाकायचं तर टाका मला."

ते भिंतीला धरून उठले. माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले, एकेका पेटीकडे.

"नका उघडू," ते म्हणाले.