फोटोकाकांचे निळे ठिपके

प्रयोगशाळेत त्यांना सगळे फोटोकाका म्हणत. अर्धं आयुष्य त्यांनी डार्करूममध्ये फोटो धुण्यात काढलं होतं. रिळांचा जमाना सरला, स्टुडिओला कुलूप लागलं आणि मेहुणीच्या ओळखीने ते इथे मदतनीस म्हणून लागले. स्वभाव मुळातच चौकस. "बंद डबा दिसला की उघडून बघितल्याशिवाय यांना चैन पडत नाही," असं बायको म्हणायची.

कामही चौकस माणसाला साजेसंच होतं. बारीक बारीक खळग्यांची प्लास्टिकची प्लेट, प्रत्येक खळग्याच्या तळाशी पांढरा पापुद्रा. त्यावर रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या पेशी सोडायच्या, सोबत जंतूचा निरुपद्रवी तुकडा द्यायचा आणि प्लेट रात्रभर उबेत ठेवायची. जी पेशी त्या तुकड्याला ओळखते, ती बसल्या जागी एक प्रथिन सोडते. ते पापुद्र्याला चिकटतं. मग पेशी धुऊन टाकायच्या आणि शेवटी रंगाचं रसायन घालायचं. पेशी बसली होती नेमकी तिथेच निळा ठिपका उमटतो.

"म्हणजे पाहुणा उठून गेला, तरी गादीवर त्याची खूण राहते तसं!" काका म्हणाले.

"अगदी तसंच," मॅडम हसल्या. प्रयोग त्यांचा होता. वयाने त्या काकांच्या मुलीएवढ्या.

पहिल्याच प्लेटला काकांची जुनी खोड नडली. फोटो फिका राहता कामा नये म्हणून त्यांनी रंग चांगला चढू दिला. ठिपके झाले गडद, पण तळही निळा पडला आणि शेजारशेजारचे ठिपके एकमेकांत मिसळले. कॅमेऱ्याचं मशीन तीन ठिपक्यांना एक मोजू लागलं.

काकांचं तोंड एवढंसं झालं. मग म्हणाले, "आम्ही फोटो करण्याआधी कागदाच्या पट्टीवर कमीजास्त वेळ देऊन बघायचो. इथेही एकेक ओळ वेगवेगळ्या वेळी धुतली तर?"

"कल्पना छान आहे. पण धुताना पाणी शेजारच्या ओळीत उडेल." मॅडम म्हणाल्या. "उलटं करू. एकेका ओळीत रसायन थोड्या थोड्या वेळाने घालू आणि सगळी प्लेट एकदम धुऊ. शिवाय काही खळग्यांत जंतूचा तुकडा घालायचाच नाही. तिथे भराभर ठिपके दिसायला लागले, की समजायचं आपण अती केलं."

प्लेट अंधारात नीट वाळवून त्यांनी फोटो काढले. एका बाजूच्या ओळी फिकट, दुसऱ्या बाजूच्या गढूळ. मधल्या दोन मात्र स्वच्छ. त्यातही मशीन खळग्यात पडलेल्या कापसाच्या एका धाग्याला ठिपका म्हणत होतं आणि छोट्या ठिपक्यांना खिजगणतीत धरत नव्हतं. दोघांनी वेगवेगळं बसून डोळ्यांनी मोजलं, आकडे पडताळले आणि काय मोजायचं, काय गाळायचं ही मशीनची चाळणी त्याप्रमाणे लावली.

एवढं झाल्यावर काकांना नवाच किडा चावला. "मॅडम, माझं रक्त चालेल का हो?"

रीतसर संमती घेऊन मॅडमनी त्यांचं रक्त घेतलं, पण कुठले खळगे त्यांचे ते सांगितलं नाही. काकांनी ठरल्या वेळी प्लेट धुतली. पडद्यावर एक खळगा चांदण्यांनी भरल्यासारखा दिसला. "हा माझाच!" ते ठामपणे म्हणाले.

"तो माझा," मॅडम म्हणाल्या. "तुमचा हा." त्यात मोजून सात ठिपके होते.

"म्हणजे मी कमजोर?"

"छे हो! तुमच्या पेशींची या जंतूशी फारशी ओळख नसावी, एवढंच. दुसऱ्या जंतूला कदाचित तुमच्याच गर्दी करतील."

काकांनी तो फोटो मागून घेतला आणि घरी बायकोपुढे धरला. तिने चष्मा लावून निरखून बघितलं. "हे सगळे तुम्ही?"

"मी नाही. माझ्या अंगात बसून पहारा देणारे."

"आणि यांना जंतू ओळखायला शिकवतं कोण?"

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेचा कोट चढवण्याआधीच काकांनी मॅडमना तोच प्रश्न विचारला. मॅडमनी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाल्या, "बसा काका, याला वेळ लागेल."