कोरड्या परीक्षानळ्या

हे कानबाई माते, श्रावणात तू सुरतेतल्या लिंबायतच्या चाळींत येतेस, आणि मागाच्या खडखडाटाने बधिर झालेली माणसे तुझ्यापुढे खरे तेवढेच बोलतात. तुला नमन करून तुझ्याच एका लेकीचे नाव घेतो: हर्षदा.

बाप निंबा यंत्रमागावर, आई कलाबाई घरी बसून साड्यांना टिकल्या लावणारी. लेक रसायनशास्त्राची पदवीधर झाली आणि महाविद्यालयात झालेल्या मुलाखतीतूनच पलसाण्याच्या एका कापड रंगवण्याच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून लागली. चाळीने पेढे खाल्ले.

पण काय सांगू ती नोकरी! सांगताना जिभेला कडवटपणा येतो. प्रयोगशाळा काचेची, पण सदा कुलूपबंद. ग्राहक आले की व्यवस्थापक ओरडे, "बेन, कोट पहेरी लो!" हर्षदाने पांढरा कोट घालावा, कोरडी परीक्षानळी उजेडाकडे धरावी, हसावे. पाहुणे गेले की कोट खुंटीला, नळी कपाटात, हर्षदा फोन उचलायला. सरस्वतीला दुकानातल्या बाहुलीसारखे उभे करणाऱ्या त्या हातांची किळस येते, माते, किळस!

एकदा जेवताना निंबाने विचारले, "काय करस वं तू तठे दिनभर?"

"कोट घालस, नाना."

"आनि मंग?"

"मंग काढस."

निंबा हसला, मग त्याची नजर लेकीच्या ताटाकडे गेली. घास तसाच पडला होता.

त्याच आठवड्यात महाविद्यालयाचे बोलावणे आले. शेवटच्या वर्षाच्या मुलांपुढे 'समाधान देणारी नोकरी' या विषयावर बोलायचे, कोट घालून. फाटकावर तिचे हातभर छायाचित्र. पहिल्या रांगेत तोच व्यवस्थापक, नवी मुले निवडायला आलेला. खोटे बोलली तर नोकरी राहणार होती. खरे बोलली तर जाणार होती.

हर्षदा साध्या कपड्यांत उभी राहिली. "मी लागले त्या दिवसापासून माझी एकही परीक्षानळी भिजलेली नाही. मी फक्त कोट घालते."

प्राचार्य कुजबुजले, "बेटा, काही चांगलं बोल ना!"

मागच्या बाकावरून चैताली नावाच्या विद्यार्थिनीने विचारले, "दीदी, तो हम क्या करें?"

"होकार देण्याआधी प्रयोगशाळा उघडून दाखवायला सांग. नळ्या ओल्या आहेत का ते बघ."

टाळी वाजली नाही. संध्याकाळी नोकरी गेली. महिनाभरात महाविद्यालयाच्या फाटकावर दुसरी मुलगी झळकली; तोच कोट, तीच नळी, तेच हसू. शिसारी यावी असा हा देव्हारा, आणि नैवेद्याला दरवर्षी नवी लेकरे!

हर्षदा कारखान्यांच्या दारोदार 'प्रयोगशाळा उघडून दाखवता का?' हाच प्रश्न विचारीत हिंडली. "नोकरी मागायला आलीस की तपासणीला?" असे टोमणे ऐकले. शेवटी चलथाणच्या साखर कारखान्यात, जिथे उसाचा रस तपासतात, तिथल्या प्रयोगशाळेच्या मालतीबाईंनी लगेच दार उघडले. नळ्या ओल्या होत्या, टेबल चिकट होते. पगार कमी, काम हंगामापुरते. हर्षदाने बाह्या वर सारल्या.

माते, तिची बोटे अशीच चिकट राहू देत. निंबाचा घास गोड लागू दे, कलाबाईच्या सुईवर उजेड पडू दे, आणि त्या घराच्या खुंटीवर खोटा कोट पुन्हा कधी न लटको.